कोलोनोस्कोपीनंतर पोट दुखले तर ‘गॅस’ म्हणून थांबू नका



या महिन्यात एका भगिनीचे पत्र उत्तरासाठी घेतले आहे. पत्र मोठे आहे, त्याचा सारांश असा :

“अब्बांचे वय ६४ वर्षे. त्यांना मधुमेह आहे. शौचातून रक्त जात होते म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी केली. आत एक पॉलिप सापडला, तो त्याच वेळी काढला. संध्याकाळी अब्बांना घरी आणले. रात्री पोट फुगले, दुखू लागले. तपासणीत हवा भरतात हे ऐकले होते, म्हणून आम्हाला गॅस वाटला. ओवा दिला, पोट शेकले, दुखण्याची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी ताप भरला, पोट फळीसारखे कडक झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यात नेले, तेव्हा कळले की आतड्याला छिद्र पडले आहे. पोट उघडून ऑपरेशन झाले. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण आता पोटावर शौचाची पिशवी आहे.”

या भगिनीचे चार प्रश्न आहेत. छिद्र पडलेच कसे आणि त्यात दोष कोणाचा? एवढे मोठे ऑपरेशन खरोखर गरजेचे होते का? पिशवी कायमची राहणार का, कारण अब्बा नमाजला उभे राहायलाही संकोचतात? आणि अम्मीलाही आता हीच तपासणी सांगितली आहे, पण घरात कोणी तयार नाही, काय करावे?

कागदपत्रे पाहिल्याशिवाय एखाद्या रुग्णाविषयी निवाडा देणे योग्य नाही. पण हे चारही प्रश्न अनेक घरांचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

छिद्र कसे पडते?

आपले मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. कोलोनोस्कोपीत बोटाएवढी जाड, लवचिक नळी शौचाच्या जागेतून आत घालून आतड्याच्या उजवीकडच्या टोकापर्यंत नेतात. नळीच्या तोंडाशी दिवा आणि कॅमेरा असतो. मिटलेले आतडे उघडून पाहण्यासाठी त्यात हवा किंवा कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. संशयास्पद जागेचा तुकडा तपासणीसाठी घ्यायचा असेल किंवा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, काढायचा असेल, तर तेही याच नळीतून होते.

१९६९ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या डॉक्टरांनी अशा दुर्बिणीतून तारेच्या फासाने मोठ्या आतड्यातला पॉलिप काढला. त्याआधी आतड्यात वरच्या भागातला पॉलिप काढायचा तर पोट उघडावे लागे. काही पॉलिप पुढे कॅन्सर बनतात. ते वेळीच काढले की तो कॅन्सर टळतो. या तपासणीचा खरा फायदा हा आहे.

पण आतड्याची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड असते. तिला तीन प्रकारे इजा होऊ शकते.

पहिला प्रकार नळीच्या ताणाचा. पोटाच्या डाव्या बाजूला खाली आतड्याचा एक वळणदार भाग आहे. त्याला सिग्मॉइड म्हणतात. तिथे नळीचा वेढा पडतो आणि भिंतीवर ताण येतो. पोटाचे आधी ऑपरेशन होऊन आतडे चिकटलेले असेल तर हा ताण वाढतो. जास्तीत जास्त छिद्रे याच भागात पडतात.

दुसरा प्रकार वायूच्या दाबाचा. आतड्याचे उजवीकडचे टोक सर्वांत रुंद आणि भिंतीने सर्वांत पातळ असते. सायकलची ट्यूब जिथे फुगलेली आणि पातळ झालेली असते तिथेच फुटते, तसेच हे आहे.

तिसरा प्रकार उष्णतेचा. पॉलिप कापताना रक्त थांबावे म्हणून विजेचा वापर होतो. कधी उष्णता भिंतीच्या खोलवर जाते. त्या वेळी छिद्र दिसत नाही, रुग्ण हसतखेळत घरी येतो. पण भाजलेला भाग दोन-चार दिवसांनी, क्वचित त्याहूनही उशिरा, गळून पडतो आणि छिद्र उघडते.

आतड्याला अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आजार असेल, रुग्ण स्टिरॉइड घेत असेल किंवा वय जास्त असेल, तर भिंत अधिक नाजूक असते. नुसती पाहणी करायची असेल तर छिद्र पडण्याचे प्रमाण बहुतेक ठिकाणी हजारात एकाहूनही कमी असते. मोठा पॉलिप काढायचा असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणजे ही घटना दुर्मिळ आहे, पण अशक्य नाही. आणि अनुभवी हातूनही ती घडते.

सगळे गणित वेळेचे

तपासणीआधी पोट साफ करण्याचे औषध पाजतात, त्यामुळे आतडे जवळजवळ रिकामे असते. छिद्र पडले तरी पहिल्या काही तासांत पोटाच्या पोकळीत बाहेर पडतो तो मुख्यतः वायू आणि थोडासा द्रव. या वेळी छिद्र बंद झाले तर काम सोपे असते. वेळ जाईल तसे आतड्यातले जंतू पोकळीत वाढू लागतात, आतले अस्तर सुजते, पू होतो आणि जंतू रक्तात शिरतात. सुरुवातीला क्लिपने किंवा दोन-चार टाक्यांनी बुजले असते ते छिद्र, चोवीस तासांनंतर पोट उघडण्याचे आणि पिशवीचे कारण बनते.

सुमारे निम्म्या रुग्णांत छिद्र तपासणी चालू असतानाच डॉक्टरांच्या लक्षात येते. उरलेल्या रुग्णांत ते घरी गेल्यावर, बहुधा पहिल्या ४८ तासांत कळते. म्हणजेच ते ओळखण्याची जबाबदारी घरच्यांवर येते.

मग साधा गॅस आणि छिद्र यांतला फरक कसा ओळखायचा? तपासणीनंतर पोट थोडे फुगणे, कळ येणे आणि वारा सरला की बरे वाटणे, हे सर्वसाधारण आहे. काही तासांत ते कमी कमी होत जाते. तुकडा घेतला असेल तर शौचात रक्ताचा एखादा ठिपका दिसू शकतो. पण पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये :

• पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणे, खोकताना किंवा कूस बदलताना जास्त दुखणे
• पोट फुगून कडक होणे, वारा न सरणे
• ताप, थंडी वाजणे, छातीत धडधड, दरदरून घाम
• उलट्या, धाप लागणे
• खांद्यात दुखणे (पोटात सुटलेला वायू वर छातीच्या पडद्याखाली जमतो, त्याची कळ खांद्यात जाणवते)
• शौचातून पुष्कळ रक्त किंवा रक्ताच्या गाठी जाणे

वृद्ध, मधुमेही आणि स्टिरॉइड घेणाऱ्या माणसांत ही लक्षणे दबलेली असतात. त्यांचे पोट फारसे दुखत नाही. नुसती सुस्ती, अन्नावरची वासना जाणे किंवा नाडी जलद चालणे एवढेच दिसते. त्यांच्या बाबतीत दुप्पट सावध राहावे.

घरी वेदनेची गोळी देऊ नका. दुखणे तेवढ्यापुरते दबते आणि आजार आत वाढत राहतो. जुलाबाचे औषध, एरंडेल, एनिमा तर अजिबात नको. खायला-प्यायला काही न देता, तपासणी केलेल्या रुग्णालयात किंवा सर्जन उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे. कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट सोबत घ्यावा आणि दारातच सांगावे की अमुक दिवशी ही तपासणी झाली आहे.

प्रत्येक छिद्राला ऑपरेशन लागते का?

नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर रक्ताची तपासणी आणि उभे राहून छातीचा एक्स-रे करतात. छातीच्या पडद्याखाली हवा दिसली तर छिद्राचा संशय पक्का होतो. एक्स-रेमध्ये न दिसणारी थोडी हवाही सी.टी. स्कॅनमध्ये दिसते. त्यानंतर उपचाराचे तीन रस्ते असतात.

तपासणी चालू असतानाच छिद्र दिसले आणि ते लहान, साधारण एक सेंटिमीटरच्या आतले असेल, तर त्याच दुर्बिणीतून धातूच्या छोट्या क्लिप लावून ते मिटवता येते. थोड्या मोठ्या छिद्रासाठी मोठी क्लिपही मिळते. पोट कापावे लागत नाही.

रुग्णाची तब्येत स्थिर असेल, दुखणे एकाच जागी असेल, ताप नसेल आणि आतडे चांगले साफ झालेले असेल, तर काही जणांना ऑपरेशनशिवाय बरे करता येते. तोंडाने सर्व बंद, सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक आणि दर काही तासांनी सर्जनकडून पोटाची तपासणी. अशा वेळी नातेवाईक म्हणतात, “डॉक्टर काहीच करत नाहीत, नुसते पोट दाबून जातात.” पण तेच मोठे काम असते. चोवीस तासांत सुधारणा दिसली तर पुढे जाता येते. बिघाड दिसला तर लगेच ऑपरेशन.

तिसरा रस्ता शस्त्रक्रियेचा. सगळे पोट कडक झाले असेल, ताप वाढत असेल, रक्तदाब घसरत असेल, छिद्र मोठे असेल, आतड्यात मळ राहिला असेल किंवा त्याच जागी कॅन्सरची गाठ असेल, तर थांबण्यात जिवाला धोका असतो. लवकर आलेल्या रुग्णात हे ऑपरेशन बहुतेकदा लॅपरोस्कोपीने, म्हणजे छोट्या छिद्रांतून होऊ शकते. सर्जन आतडे तपासून छिद्र शोधतो. कडा निरोगी असतील तर टाके घालून बंद करतो. कडा भाजलेल्या किंवा चिघळलेल्या असतील तर तेवढा भाग कापून दोन टोके जोडतो. मग पोटाची पोकळी कोमट सलाइनने धुतात आणि गरज वाटल्यास उरलेला स्राव बाहेर येण्यासाठी नळी ठेवतात.

पण पोटात मळ आणि पू पसरला असेल, रुग्ण अत्यवस्थ असेल, तर सुजलेल्या आतड्याचा जोड धरत नाही. तो सुटला तर दुसऱ्यांदा तेच संकट, आणि या वेळी कमजोर शरीरात. म्हणून सर्जन खराब भाग काढतो, खालचे टोक शिवून आत ठेवतो आणि वरचे टोक पोटाच्या कातडीवर आणतो. फ्रान्सचे सर्जन आंरी हार्टमन यांनी १९२१ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ही पद्धत मांडली, म्हणून तिला हार्टमनचे ऑपरेशन म्हणतात. आज ती अशा आणीबाणीतही वापरली जाते. भगिनीच्या अब्बांचे वय, त्यांचा मधुमेह आणि मध्ये गेलेले दीड-दोन दिवस पाहता, त्यांच्या सर्जनने हाच सुरक्षित मार्ग निवडला असावा. पिशवी ही शिक्षा नाही. त्या रात्री जीव वाचवण्यासाठी तिची गरज पडली.

पिशवी आणि नमाज

पोटावर आणलेल्या आतड्याच्या तोंडाला स्टोमा म्हणतात. बहुतेकदा तो तात्पुरता असतो. सूज पूर्ण ओसरू द्यावी लागते, म्हणून आतडे परत जोडण्याचे ऑपरेशन किमान तीन महिन्यांनी आणि हार्टमनच्या पद्धतीत पुष्कळदा सहा महिन्यांच्या आसपास करतात. तोवर साखर ताब्यात ठेवावी, प्रथिनांचा आहार वाढवावा, चालणे सुरू ठेवावे. काही रुग्णांत वय आणि हृदयविकार पाहता दुसरे ऑपरेशन जास्त धोक्याचे ठरते. ते पिशवी ठेवूनच वर्षानुवर्षे चांगले जगतात. हा निर्णय सर्जनशी बसून घ्यावा.

स्टोमा ओलसर, लालसर असतो; त्याला स्पर्श केला तरी दुखत नाही. तो काळा पडला, आत ओढला गेला किंवा एक दिवस काहीच बाहेर आले नाही तर लगेच दाखवावे. पिशवी एक-तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. पिशवी लावून अंघोळ करता येते. भोवतीची कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. तेल किंवा पावडर लावली तर पिशवी चिकटत नाही. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठी काम करते. पिशवी घेऊन जगणाऱ्या दुसऱ्या माणसाशी एकदा बोलणे झाले की निम्मे ओझे उतरते.

आता अब्बांचा संकोच. शौच त्यांच्या इच्छेने थांबत नाही, म्हणजे शरीअतच्या भाषेत ते माजूर आहेत, आणि माजूर माणसाला सवलत आहे. नमाज त्यांच्यासाठी बंद झालेली नाही. वुजू कोणत्या वेळी आणि किती वेळा करायचा याचा तपशील हनफी आणि शाफई मस्लकांत वेगळा आहे, तो आपल्या भागातील आलिमांना मोकळेपणाने विचारावा. डॉक्टर म्हणून एवढेच सांगतो : वुजूआधी पिशवी रिकामी करून घ्यावी. ऑपरेशननंतर पोटाची शिवण भरेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, वाकण्याचा ताण टाळावा. तोवर खुर्चीवर बसून नमाज अदा करावी आणि सजदा कधी सुरू करायचा ते सर्जनला विचारावे. आणि घरच्यांनी नाक मुरडू नये. अशा माणसाचे मन औषधाइतकेच घरातल्या वागण्याने बरे होते.

दोष कोणाचा?

छिद्र पडले एवढ्यावरून डॉक्टरने निष्काळजीपणा केला असे ठरत नाही. उपचारात अपघात घडला म्हणून डॉक्टर आपोआप दोषी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. पण डॉक्टरचीही काही कर्तव्ये आहेत. धोका आधी समजावून सांगणे, घरी जाताना धोक्याची लक्षणे आणि फोन नंबर देणे, नातेवाइकांनी फोन केला तर “गॅस असेल” म्हणून न टाळता रुग्णाला बोलावून तपासणे आणि छिद्र लक्षात आले तर ते न लपवणे. यांपैकी काही झाले नसेल तर प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

संमतीचा कागद सहीपुरता नसतो. २००८ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराच्या शस्त्रक्रियेची संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावे लागले तर गोष्ट वेगळी. म्हणून पॉलिप सापडल्यास तो त्याच वेळी काढणार का, हे आधी विचारून घ्यावे. आणि वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाच्या नोंदी द्याव्या लागतात. आरडाओरडा करण्यापेक्षा शांतपणे लेखी अर्ज करून कागद घ्यावेत आणि दुसऱ्या सर्जनला दाखवावेत.

अम्मींनी तपासणी करावी का?

डॉक्टरांनी रक्त जाणे, अकारण वजन घटणे, शौचाची सवय बदलणे अशा कारणासाठी सांगितली असेल तर करावी. आपल्याकडे शौचातून रक्त गेले की मूळव्याध म्हणून महिने काढतात. स्त्रिया तर लाजेने वर्ष वर्ष बोलत नाहीत. ती मूळव्याधच आहे की आत कॅन्सर आहे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. अब्बांच्या वेळी छिद्र पडले म्हणून अम्मींच्या वेळीही पडेल असे नाही. रमजान तोंडावर असेल आणि घाई नसेल तर तारीख पुढे-मागे करता येते. पण रक्त जात असेल तर तारीख लांबवू नये. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे.

जाण्याआधी डॉक्टरांना हे सांगावे : पोटाची जुनी ऑपरेशने, सिझेरियनसुद्धा, मधुमेहाची औषधे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्टिरॉइड. यांतली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. पोट साफ करण्याचे औषध चव नकोशी वाटली तरी सांगितले तेवढे पूर्ण प्यावे. आतडे स्वच्छ असले की तपासणी नीट होते, आणि दुर्दैवाने छिद्र पडलेच तर पोटात घाण कमी पसरते. स्त्री डॉक्टर किंवा सोबत स्त्री परिचारिका हवी असेल तर नाव नोंदवतानाच सांगावे. तिथे सर्जन आणि ऑपरेशन थिएटर आहे का, नसेल तर अडचणीत रुग्णाला कुठे पाठवतात, हेही विचारावे.

तपासणीच्या दिवशी घरातले एक जाणते माणूस रात्रभर रुग्णाजवळ असावे आणि पुढचे दोन दिवस लक्ष ठेवावे. पॉलिप काढला असेल तर आठवडाभर. त्या दिवसांत लांबचा प्रवास, लग्नाचे जेवण, जड काम नको. डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर एका कागदावर लिहून भिंतीला लावावा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून आपला उपचार योजनेत बसतो का ते आधीच विचारून ठेवावे.

आणि रात्री दोन वाजता पोट दुखू लागले तर “डॉक्टरांची झोप कशाला मोडायची” असा विचार करू नये. खरोखर गॅस निघाला तर एक चक्कर वाया जाईल, एवढेच. तो गॅस नसेल तर त्याच चक्करमुळे पोट उघडण्याची आणि पिशवीची वेळ टळू शकते.